बोटावरचे दोन आकडे

(राजूर, तालुका वणी, येथील साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मी शाळेत मुख्याध्यापक होतो. सारा जन्म मुलांच्या पाटीवरच्या चुका दुरुस्त करण्यात गेला. आज मात्र मी माझीच एक चूक तुम्हांला सांगणार आहे. ती चूक एका आकड्याची आहे. पण त्या आकड्यापाठी एक माणूस होता. म्हणून ती सांगणे भाग आहे.

आपले राजूर हे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. कोणी खाणीवर जातो, कोणी भट्टीवर जातो, कोणी वावरात राबतो. धूळ आपल्या पाचवीला पुजलेली. त्यामुळे खोकला आला की आपण काय म्हणतो? "धूळ गेली असंन नाकातोंडात. गूळ खा, बरं वाटंन." बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण २०२० साली एक असा आजार आला, की तो या धुळीच्या खोकल्याचे सोंग घेऊन घरात शिरला. तो म्हणजे कोरोना.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की ही साऱ्या जगाची साथ आहे. २५ मार्चपासून आपला देश बंद झाला. गाड्या थांबल्या, बाजार थांबले. पुढे साथ जरा ओसरली. आपल्याला वाटले, सुटलो. पण २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला आणि आपला यवतमाळ जिल्हा यांत आजार पुन्हा वाढू लागला. एप्रिल महिन्यात तर घरोघर खाटा पडल्या.

त्या दिवसांत मोठ्या दवाखान्यांविषयी पुष्कळ बोलले गेले. पण आजारी माणूस आधी मोठ्या दवाखान्यात जातो का? नाही. तो आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. लेकराला ताप आला की आपण ज्याच्याकडे धावतो, जो आपल्याला नावाने ओळखतो, प्रसंगी पैसे मागाहून घेतो, तो आपला घरचा डॉक्टर. साथीच्या काळात पहिली गाठ त्याचीच पडते. तिथे काम नीट झाले तर माणूस वाचतो. तिथे चुकले तर पुढे मोठा दवाखानाही हात टेकतो. मग घरच्या डॉक्टरचे काम नीट झाले की नाही, हे कशावरून ओळखायचे? आजचा विषय हाच आहे.

शेजारचा माणूस

आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. घरधनी चुन्याच्या भट्टीवर कामाला होता. वय पन्नासच्या आत. अंगाने धडधाकट. एप्रिल २०२१ मध्ये त्याला ताप आला, खोकला आला. बायको म्हणाली, "दवाखान्यात चला." तो म्हणाला, "मले काही नाही झालं. धूळ हाय ते." असे म्हणत त्याने तीन दिवस घालवले.

चौथ्या दिवशी तो एका डॉक्टरकडे गेला. दारात ही गर्दी! डॉक्टरने लांबूनच विचारले, "काय होते?" याने सांगितले, "ताप हाय, हातपाय गळून गेले. सलाईन लावून द्या जी, म्हणजे ताकद येईन." डॉक्टरने सलाईन लावले. एक इंजेक्शन दिले. तीन रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. चिठ्ठी दिली नाही. निघताना एवढेच म्हटले, "घरी ऑक्सिजन पाहत राहा."

बिचाऱ्याने कुठून तरी पैसे उभे करून बोटाला लावायचे यंत्र आणले. त्याला ऑक्सिमीटर म्हणतात. कपड्याला लावायच्या चिमट्याएवढे असते. बोटाला लावले की त्यावर आकडे दिसतात. पण कोणता आकडा पाहायचा, किती आला तर भ्यायचे, हे कोणी सांगितलेच नव्हते.

त्या संध्याकाळी त्याचा मुलगा माझ्या अंगणाबाहेर उभा राहिला. त्याने फोनवर यंत्राचा फोटो काढून आणला होता. तो लांबूनच दाखवीत म्हणाला, "गुरुजी, अठ्ठ्याण्णव आलं. बरोबर आहे ना जी?"

मी चष्मा लावून पाहिले. खरेच ९८ होते. मी म्हणालो, "९८ म्हणजे फार छान. काळजी करू नको."

पोरगा निश्चिंत होऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच्या बापाचे ओठ निळसर पडले. गाडी करून वणीला नेले. तेथून यवतमाळला नेले. वणीपासून यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर. तिथल्या डॉक्टरांनी शर्थ केली. पण फार उशीर झाला होता. सहाव्या दिवशी तो गेला.

दुसरा दवाखाना

पुढे आठ दिवसांनी मलाच ताप भरला. घरच्यांनी मला वणीत दुसऱ्या एका डॉक्टरकडे नेले. दवाखाना लहानच. पण मी तिथे जे पाहिले, ते तुम्हांला क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, बसण्याची जागा. ताप-खोकल्याच्या माणसांसाठी बाहेर झाडाखाली बाक टाकले होते. गरोदर बाया आणि लहान लेकरे यांना वेगळ्या दाराने आत घेत होते. म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला दवाखान्यातच लागू नये.

दुसरी गोष्ट, तपासणी. डॉक्टरने तोंड बांधून घेतले होते, पण मला हात लावला. नाडी पाहिली. ताप मोजला. छातीला नळी लावली. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट माझे श्वास मोजले. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना एका मिनिटात साधारण १२ ते २० श्वास होतात. २४ किंवा त्याहून अधिक झाले तर छातीवर आजाराचा भार आहे असे समजावे. ३० च्या वर गेले तर घटकाही दवडू नये. मग त्यांनी विचारले, ताप कितवा दिवस? साखरेचा आजार आहे का? रक्तदाब आहे का? घरात म्हातारे कोण? आणि सरकारी केंद्रात नाकातला नमुना तपासायला पाठवले.

तिसरी गोष्ट, समजावून सांगणे. त्यांनी माझ्या बोटाला यंत्र लावले आणि म्हणाले, "गुरुजी, यावर दोन आकडे आहेत. एक ऑक्सिजनचा. दुसरा नाडीचा. ज्याच्याजवळ टक्क्याची खूण आहे तो ऑक्सिजन. दुसरा आकडा एका मिनिटात नाडी किती वेळा उडते तो. दोहोंची गल्लत करू नका."

बंधूंनो, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या पोराच्या फोनमधला तो फोटो माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

बरा झाल्यावर मी तो फोटो पुन्हा मागून पाहिला. टक्क्याच्या खुणेजवळ ८६ होते. खाली ९८ होते. मी नाडी वाचली होती. ऑक्सिजन ८६ होता!

शाळेत ८६ गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. पण त्या यंत्रावर ८६ आले तर तेव्हाच गाडी बोलवावी लागते. निरोगी माणसाचा ऑक्सिजन बहुधा ९५ ते १०० असतो. ९४ च्या खाली जाऊ लागला की डॉक्टरला कळवावे. ९० च्या खाली गेला तर दवाखान्यात भरती करण्यावाचून मार्ग नाही. या आजाराची खोड अशी, की ऑक्सिजन उतरला तरी कित्येकांना धाप लागत नसे. माणूस बोलत असे, चहा पीत असे, आणि आतून कोरडा होत असे. म्हणून तर तो आकडा नीट वाचणे महत्त्वाचे होते.

मला वाचता येत होते. आकडेही येत होते. पण त्या आकड्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. ठाऊक नसताना मी गुरुजीपणाने उत्तर दिले. ही माझी चूक.

चौथी गोष्ट, उजळणी. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही मला सांगा, कोणता आकडा पाहणार? किती आला तर निघणार?" मी सांगितले. मग त्यांनी माझ्या मुलाकडूनही म्हणून घेतले. आम्ही शिक्षक वर्गात असेच करतो. सांगितलेले समोरच्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते पोचले असे धरू नये.

पाचवी गोष्ट, लेखी चिठ्ठी. कोणती गोळी, सकाळी किती, रात्री किती, किती दिवस, सारे स्वच्छ अक्षरात लिहिले. खाली लिहिले, "दिवसातून तीन वेळा ऑक्सिजन मोजून वहीत लिहा." पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत अधिक जपा, असेही सांगितले. कारण ताप उतरल्यासारखा वाटून याच दिवसांत आजार उलटत असे. आणखी एक युक्ती सांगितली. यंत्र बोटाला लावून घरातल्या घरात सहा मिनिटे चालायचे. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटे. चालल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला, तर निघायचे. ज्याला आधीच धाप आहे त्याने मात्र हा प्रयोग करायचा नाही.

सहावी गोष्ट, नको ते न देणे. मीही म्हणालो होतो, "एखादं सलाईन लावता का?" ते हसले. म्हणाले, "गुरुजी, तोंडाने पाणी जातं ना? मग पाणी प्या. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. ताकद त्या बाटलीत नसते."

सातवी गोष्ट, पाठपुरावा. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई. "आज किती?" मी वही पाहून सांगे. एका दिवशी ९४ झाले तेव्हा त्यांनी पालथे झोपायला सांगितले आणि दोन तासांनी पुन्हा फोन केला. कुठे जायचे, कोणती गाडी बोलवायची, हे त्यांनी आधीच ठरवून दिले होते. ती वेळ आली नाही. मी बरा झालो.

आता तोलून पाहा. शेजाऱ्याला सलाईन मिळाले, इंजेक्शन मिळाले, रंगीत गोळ्या मिळाल्या. मला दोन साध्या गोळ्या आणि एक चिठ्ठी मिळाली. वरवर पाहता त्याच्यावरच जास्त उपचार झाले. पण चांगली सेवा कोणती होती?

डॉक्टरची बाजू

तुम्ही म्हणाल, पहिला डॉक्टर वाईट. मी तसे म्हणत नाही. त्याच्या दारात गर्दी मावत नव्हती. विदर्भाच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा डगला घालून तो सकाळपासून उभा होता. त्यालाही बायको-पोरे होती. या साथीत आपल्या देशात शेकडो डॉक्टर मरण पावले. त्यांत लहान दवाखाने चालवणारे घरचे डॉक्टरही पुष्कळ होते. २०२० साली भीतीपोटी अनेकांनी दवाखाने बंद ठेवले. अंगावर घालायची साधने नव्हती. नेमके काय करायचे तेही कोणाला पुरते माहीत नव्हते. सरकारला दवाखाने उघडा म्हणून सांगावे लागले.

पण त्याच काळात दुसरेही घडले. मुंबईत धारावी नावाची फार दाट वस्ती आहे. तिथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. सर्वांना वाटले, आता वणवा पेटणार. तेव्हा महापालिकेबरोबर तिथले खाजगी डॉक्टर घरोघर हिंडले. लोक त्यांना ओळखत होते, म्हणून दार उघडत होते, खरे सांगत होते. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आपल्याकडेही घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला. मे २०२१ मध्ये सरकारने घरच्या डॉक्टरांना 'माझा डॉक्टर' होऊन घरी असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवा, अशी हाक दिली. म्हणजे घरच्या डॉक्टरचे मोल सरकारलाही पटले होते.

आणि फार जुनी गोष्ट सांगतो. १८९७ साली पुण्याकडे प्लेगची साथ होती. सावित्रीबाई फुले यांचे नाव तुम्ही या वर्गात घेताच. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई स्वतः रोगी आणून तिथे पोचवीत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जिने आपल्या बायांना पाटी दिली, तिनेच साथीत रोग्याला हात दिला.

सुईचा मोह

आता थोडे आपल्याबद्दल. सुई टोचली नाही तर आपल्याला तो डॉक्टरच वाटत नाही. "काहून, सुई नाही मारली?" असे म्हणून आपण दुसऱ्याकडे जातो. मग डॉक्टरही म्हणतो, गिऱ्हाईक जाण्यापेक्षा टोचून दिलेली बरी. हा दोष दोघांचा.

कोरोना हा विषाणूचा आजार. ॲन्टिबायोटिक गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूवर चालत नाहीत. तरी त्या मुठीमुठीने खाल्ल्या गेल्या. डेक्सामेथासोन नावाचे एक स्वस्त औषध आहे. ते स्टिरॉइड जातीचे. जून २०२० मध्ये इंग्लंडात सिद्ध झाले, की ज्यांना ऑक्सिजन लावावा लागतो अशांचे प्राण या औषधाने वाचू शकतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र त्याचा लाभ नाही. पण आपल्याकडे साध्या तापालाही स्टिरॉइड दिले गेले. त्याने अंगातली साखर वाढते. मग २०२१ च्या उन्हाळ्यात साखरेच्या रोग्यांना काळी बुरशी नावाचा भयंकर आजार झाला. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. औषध तेच. योग्य वेळी दिले तर तारते, अवेळी दिले तर मारते.

आपण काय करावे

चांगली सेवा डॉक्टरने द्यायची हे खरे. पण ती मागून घेणे हे आपले काम आहे. तुम्ही आता वाचू-लिहू लागला आहात. त्याचा पहिला उपयोग दवाखान्यात करा.

दवाखान्याची पाटी वाचा. डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणीचा क्रमांक लावलेला असावा, असा नियम आहे.

चिठ्ठी मागा. तोंडी औषध घेऊ नका. चिठ्ठी जपून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात ती तुमच्यासाठी बोलते.

तीन गोष्टी विचारा. मला काय झाले आहे? हे औषध कशासाठी? कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे? विचारण्यात लाज नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

काही लपवू नका. ताप कधीचा, साखर आहे का, दारू किती, कोणाच्या संगतीत होतो, सारे सांगा. आणि "धूळ हाय ते" म्हणून दिवस घालवू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

बाटलीवरचे नाव वाचा. आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी, ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लेकरांना हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. लेकरांना यवतमाळला न्यावे लागले. दैवाने ती वाचली. तिथे कोणी एकाने बाटली वाचली असती तर?

आणि वेळ आली तर १०८ हा क्रमांक फिरवा. रुग्णवाहिका येते. हा क्रमांक घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

शेवटचे दोन शब्द

माझी चूक मी फार दिवस मनात ठेवली. शेवटी शेजारच्या वहिनींकडे गेलो आणि सारे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमाले माईत नव्हतं. आमालेबी नव्हतं. आता माईत झालं, तर लोकाईले सांगा. फक्त त्यायचं नाव नका घेऊ." म्हणून मी नाव घेतले नाही. त्यांनी सांगितले म्हणूनच मी आज उभा आहे.

त्या बाई आज या वर्गात येतात. पहिल्या दिवशी मी विचारले, आधी काय शिकायचे? सही? त्या म्हणाल्या, "आकडे."

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण साथ ही पाहुण्यासारखी असते. एक जाते, कधीतरी दुसरी येते. तेव्हा कोणते औषध निघेल ते मी सांगू शकत नाही. पण चांगला डॉक्टर तेव्हाही हेच करील. पाहील, मोजेल, लिहील, समजावील, वेळेवर पुढे पाठवील. आणि शहाणा रोगी तेव्हाही हेच करील. लवकर जाईल, खरे सांगेल, विचारील, वाचील.

आणि समजले नाही तर "मला समजले नाही" असे म्हणेल. हे वाक्य मला त्या संध्याकाळी म्हणता आले नाही. तुम्ही म्हणायला शिका.



विचार करा आणि उत्तरे लिहा

१. ऑक्सिमीटरवर कोणते दोन आकडे दिसतात? ऑक्सिजनचा आकडा कसा ओळखाल?

२. गुरुजींची चूक कोणती झाली?

३. दुसऱ्या डॉक्टरने कोणत्या सात गोष्टी केल्या?

४. घड्याळ समोर ठेवून घरातल्या एका माणसाचे एका मिनिटातले श्वास मोजा. आकडा वहीत लिहा.

५. तुमच्या घरातली औषधाची एक बाटली किंवा पुडी घ्या. तिच्यावरचे नाव आणि तारीख वाचून वहीत उतरवा.